चटईबाहेरचे घर

घराचे जे माप सरकारी कागदावर लिहितात त्याला मराठीत 'चटई क्षेत्र' असे नाव आहे. चार भिंतींच्या आत जेवढ्या जागेवर चटई अंथरता येईल तेवढे घर. शब्द मोठा नेमका आहे. पण तो मी पहिल्यांदा वाचला तेव्हा मला हसू आले. कारण आमच्या गल्लीत वैशाखात घरात अंथरलेली चटई सापडणे कठीण. ती ओट्यावर असते, गच्चीवर असते, दारापुढच्या फरशीवर असते. तिच्यावर दुपारी कुरडया वाळतात, संध्याकाळी आजी बसते आणि रात्री वडील झोपतात. म्हणजे ज्या चटईने घर मोजायचे ती चटईच घराबाहेर!

हा शब्दांचा खेळ म्हणून सोडून देता आला असता. परंतु गेली दोन वर्षे हा प्रश्न मी डोक्यात घेऊन फिरते आहे. गरिबांसाठी घरे बांधताना खोली लहान ठेवतात अशी तक्रार आपण नेहमी ऐकतो. तक्रार खरी आहे, पण लहान खोलीत माणसे संसार करतात, आमच्या दोन पिढ्यांनी केला आहे. दाराबाहेरची जागा मात्र कोणी हिशेबातच धरत नाही, आणि माझ्या मते घराचे सुखदुःख निम्म्याहून अधिक तिथे ठरते.

मापे पाहा. 2005 साली जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय नागरी पुनरुत्थान अभियान सुरू झाले. त्यात नाशिकचाही समावेश होता, आणि त्यातूनच चुंचाळे वगैरे भागांत घरकुलांच्या इमारती उभ्या राहिल्या. या योजनेत गरिबाच्या घरासाठी किमान 25 चौरस मीटर, म्हणजे 269 चौरस फूट, चटई क्षेत्र धरले होते. 2015 च्या प्रधानमंत्री आवास योजनेत दुर्बल घटकांच्या घरासाठी 30 चौरस मीटरपर्यंतची मर्यादा आली, म्हणजे 323 चौरस फूट. मुंबईत झोपडपट्टी पुनर्वसनाचे घर आधी 225 चौरस फुटांचे होते, मग 269 चे झाले, पुढे 300 चे झाले. आकडा वाढतो आहे, चांगलेच आहे. प्रत्येक वेळी वर्तमानपत्रात वाढलेल्या फुटांची बातमी येते. ओट्याची बातमी कधी आली आहे काय?

आता आमच्या नाशिकचेच उदाहरण घेऊ. सातपूर आणि अंबड या औद्योगिक वसाहतींत खेड्यापाड्यांतून कामगार आले, तेव्हा त्यांच्यासाठी सिडकोने 'नवीन नाशिक' वसवले. टप्प्याटप्प्याने सहा योजना झाल्या. आज त्रिमूर्ती चौकातून पवननगर, उत्तमनगरकडे जाताना जी दाट वस्ती दिसते ती मुळात बैठ्या, लहान घरांची वसाहत होती. आमचे घर त्यातलेच. आजोबांनी हप्त्याने घेतले तेव्हा एक खोली, एक स्वयंपाकघर, मागे मोरी-संडास आणि पुढे थोडी मोकळी जागा एवढाच पसारा होता. पहिली काही वर्षे पुढच्या जागेत तुळस, पाण्याची टाकी आणि सायकल होती. मग आत्याच्या लग्नाच्या वेळी तिथे ओटा झाला. वडिलांना अंबडला कायम नोकरी लागल्यावर वर पत्र्याची खोली चढली. मी दहावीत गेल्यावर त्या पत्र्याचा स्लॅब झाला. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेली मी पहिली, आणि त्या पायरीआधी मी रोज लोखंडी जिन्याच्या अकरा पायऱ्या चढून त्या वरच्या खोलीत अभ्यासाला जात होते. मूळ नकाशात ती खोली नव्हती. नकाशात होती ती फक्त डोक्यावरची मोकळी जागा.

सिडकोतले सगळेच घर-मालक असे करत गेले. कोणी खाली दुकान काढले, कोणी वरची खोली परगावच्या कामगाराला भाड्याने दिली आणि त्या भाड्यावर मुलीला शिकवले. हे सगळे सरळ झाले असे मात्र मी म्हणणार नाही. वाढीव बांधकामे बहुतेक विनापरवाना झाली. सज्जे गल्लीवर इतके पुढे आले की समोरासमोरच्या दोन घरांतून मिठाची वाटी हातोहात देता येते. काही गल्ल्यांत आगीचा बंब शिरणार नाही. शेजाऱ्याने मजला चढवला की आपल्या स्वयंपाकघरात दुपारीही दिवा लावावा लागतो. वाढायला जागा दिली आणि वाढायचे कसे ते सांगितले नाही, त्याचे हे फळ. तरीसुद्धा, ज्या कुटुंबाला 1 खोली मिळाली त्याच्याकडे आज 3 खोल्या आहेत, आणि सरकारने त्यासाठी आणखी एक पैसा खर्च केलेला नाही.

याच्या शेजारी दुसरे चित्र ठेवते. माझी मावशी पंचवटीत गोदाकाठच्या वस्तीत राहत असे. त्या वस्तीचे गोडवे गाण्याचे मला कारण नाही. 2008 साली पाणी घरात, 2016 साली पाणी घरात, 2019 साली पुन्हा. दुतोंड्या मारुतीच्या कुठल्या अवयवाला पाणी लागले यावरून सामान कधी उचलायचे हे तिथल्या पोराटोरांना कळत असे. अशा जागेतून तिला शहराच्या दुसऱ्या टोकाला घरकुल मिळाले: पक्की इमारत, तिसरा मजला, घरात स्वतंत्र संडास, नळ. वसाहतीचे नाव मुद्दाम लिहीत नाही. वास्तुशांतीला आम्ही सगळे गेलो, मावशीने सर्वांना संडासाचे दार उघडून दाखवले. ज्यांना याचे हसू येईल त्यांनी पहाटे अंधारात डबा घेऊन नदीकाठी जाऊन पाहावे. ते घर तिच्यासाठी फार मोठी गोष्ट होती आणि आजही आहे.

पण सहा महिन्यांनी गेले तर ती वाळलेली दिसली. काकांची भाजीची हातगाडी. वस्तीत ती दारापुढे उभी असे, रात्री तिच्याखाली कुत्रे झोपे. इथे गाडी खाली, आणि आपण तिसऱ्या मजल्यावर. पहिल्याच महिन्यात तराजू आणि वजने गेली, दुसऱ्या महिन्यात एक चाक. पुढे काकांनी गाडी विकली, आता ते एका इमारतीवर रखवालदार आहेत. मावशी पापड लाटायची. लाटायला दोन हात पुरतात, वाळवायला मात्र ऊन लागते. गच्चीला कुलूप. किल्ली कोणाकडे यावरून इमारतीत दोन तट. जिन्यातल्या चौकात ऊन येत नाही. सासूबाईंचे गुडघे गेलेले, त्या वर आल्या त्या वरच राहिल्या. मावशी मला म्हणाली, "घर चांगलं हाय गं पोरी, पन दार लावलं की कोनी नाही. तिकडं भाकरी थापता थापता चार जनींशी बोलनं व्हायचं, पोरगं कुठं पळालं ते शेजारीन सांगायची. इथं पोरगं खाली गेलं की माझा जीव खाली, अन् मी वर."

या वाक्यात एका योजनेचे सगळे परीक्षण आले आहे असे मला वाटते. वस्तीतला ओटा चटई क्षेत्रात कधीच मोजला गेला नव्हता. म्हणून घर बदलताना तो गेला याची नोंदही कुठे झाली नाही. कागदावर मावशीचे घर 120 फुटांवरून 269 फुटांवर गेले. प्रत्यक्षात दुकान, वाळवणाची जागा, पाळणाघर आणि म्हातारीची बैठक एवढ्या चार गोष्टी तिच्या हातून गेल्या. (आणि घर काही फुकट मिळालेले नाही. अभियानाच्या नियमाप्रमाणे किमान 12 टक्के, अनुसूचित व इतर मागास घटकांना 10 टक्के वाटा कुटुंबाने भरायचा होता. तेव्हा 'लाभार्थी' हा शब्द जरा जपून वापरावा. लाभ घेणारा हात पसरतो, हप्ता भरणारा पसरत नाही.)

दाराबाहेरच्या जागेचा प्रश्न केवळ गप्पांचा आणि पापडांचा आहे असे कोणास वाटेल. त्यांनी मुंबईत गोवंडीकडे पाहावे. लल्लूभाई कंपाउंड, नटवर पारेख कंपाउंड या पुनर्वसन वसाहतींत रस्ते-रेल्वेच्या प्रकल्पांसाठी हलवलेली हजारो कुटुंबे राहतात. घर 225 चौरस फुटांचे, आणि दोन इमारतींमधले अंतर काही ठिकाणी जेमतेम तीन मीटर. 'डॉक्टर्स फॉर यू' या संस्थेने तिथे केलेला अभ्यास 2018 च्या सुमारास प्रसिद्ध झाला. ज्या घरांत ऊन आणि वारा पोचत नाही, विशेषतः खालच्या मजल्यांवर, तिथे क्षयरोगाचे प्रमाण जास्त आढळले. शेजारच्याच ज्या वसाहतीत इमारती एकमेकींपासून सुट्या होत्या तिथे ते कमी होते. क्षयाचे जंतू तेच, माणसेही त्याच परिस्थितीतली. फरक नकाशात होता. गोळ्या सरकार फुकट देते. ऊन मात्र नकाशा काढतानाच द्यावे लागते, मागून देता येत नाही.

याउलट लहानसा बदल केवढे काम करतो त्याचे एक उदाहरण दूरच्या मेक्सिको देशात आहे. तिथे कोआविला राज्यात 2000 साली सरकारने गरिबांच्या घरांतली मातीची जमीन काढून सिमेंटची करून देण्याची योजना घेतली. बाकी घर तेच. पुढे अर्थशास्त्रज्ञांनी लागून असलेल्या, पण योजना नसलेल्या शहरांशी तुलना केली. मातीची जमीन पूर्णपणे गेली तर लहान मुलांच्या पोटातल्या जंतांत 78 टक्के, हगवणीत 49 टक्के आणि रक्तक्षयात 81 टक्के घट होते असा हिशेब निघाला. 2009 साली छापलेल्या या अभ्यासात मला सर्वांत महत्त्वाची वाटलेली गोष्ट निराळीच आहे. त्यांनी आयांनाही विचारले होते, आणि आयांची उदासी व मनावरचा ताण कमी झालेला दिसला. घराने बाईचे मन कसे राहते हे कोणीतरी मोजले! आपल्याकडे गृहयोजनेच्या अहवालात किती पूर्ण, किती अपूर्ण, किती वाटप एवढेच रकाने असतात.

अभ्यासाच्या जागेबद्दल इथे दोन शब्द लिहिते, कारण या अंकाच्या वाचकांपैकी अनेकांचा हा रोजचा प्रश्न आहे. बाबासाहेब आंबेडकरांचे विद्यार्थीदशेतले दिवस परळच्या डबक चाळीतल्या एका खोलीत गेले. वडील रात्री दोनला त्यांना उठवत, म्हणजे घर निजलेले असताना अभ्यास व्हावा, हे त्यांच्या चरित्रांतून आपण वाचलेले आहे. पुढे परळच्याच बीआयटी चाळीत राहताना त्यांच्याकडे दोन खोल्या होत्या आणि त्यांतली एक पुस्तकांसाठी होती. आपण या गोष्टीतून जिद्दीचा धडा घेतो. मला त्यात दुसऱ्या खोलीचे महत्त्वही दिसते. रात्री दोनला उठायला लावणारे घर प्रत्येक मुलाला का द्यायचे? माझा मावसभाऊ आता बारावीत आहे. घरात दूरचित्रवाणी, आजीचा खोकला, आईचे लाटणे. पूर्वी तो दिवा घेऊन बाहेर बसे. आता जिन्यात बसतो, आणि जिन्यातला दिवा गेला की तो बदलायचा कोणी हा पुन्हा सोसायटीचा प्रश्न.

यावर उपाय कोणाला सुचलेच नाहीत असेही नाही. ज्या सिडकोने आमची वसाहत बांधली त्याच सिडकोसाठी वास्तुशिल्पी चार्ल्स कोरिआ यांनी नव्या मुंबईत बेलापूरला 1983 ते 1986 या काळात एक वसाहत आखली. एका लहान चौकाभोवती सात घरे, असे अनेक चौक. घरे जमिनीवर, प्रत्येक घर सुटे, शेजाऱ्याशी भिंत सामाईक नाही. त्यामुळे ज्याला जेव्हा जमेल तेव्हा त्याने वाढवावे. आपल्या उष्ण देशात आकाशाखालची मोकळी जागा हीसुद्धा एक खोलीच आहे, असे कोरिआ सांगत. पुढे बेलापूरची बरीच घरे पाडून मालकांनी मोठी बांधली हे खरे, पण चौक राहिले. पुण्यात जन्मलेले बाळकृष्ण दोशी यांनी ऐंशीच्या दशकात इंदूरला 'अरण्य' ही वसाहत आखली. तिथे सर्वांत गरीब कुटुंबाला पूर्ण घराऐवजी भूखंड, जोते, संडास-न्हाणीचा गाभा आणि पाणी-वीज दिले. दारापुढे ओटला ठेवायचा हे मात्र आखणीतच होते. सुमारे 6,500 भूखंडांच्या या वसाहतीला 1995 साली आगाखान पुरस्कार मिळाला. चिलीत इकिके शहरात अलेहान्द्रो अरावेना यांनी तर पैसा अपुरा म्हणून अर्धेच घर बांधून दिले आणि उरलेल्या अर्ध्याची जागा मोकळी सोडली. लहान पण पुरे घर द्यावे की मोठ्या घराचा पहिला अर्धा भाग द्यावा? आमच्या सिडकोतल्या कुठल्याही कामगाराला विचारा, तो दुसरे मागेल.

खेड्यातले घरकुलही याच मापाचे. माझी वसतिगृहातली मैत्रीण सुरगाण्याकडची. तिच्या पाड्यावर कुडाची घरे: कारवीच्या भिंती शेणामातीने लिंपलेल्या, पुढे पडवी, वर माळा, एका बाजूला गुरे. आता प्रधानमंत्री आवास योजनेतून 25 चौरस मीटरचे विटांचे घर झाले. पावसात गळत नाही, साप येत नाही, याचे तिच्या आईला समाधान आहे. पण भात आणि नागली ठेवायला माळा नाही, उखळ कुठे ठेवायचे ते कळेना, आणि मृगाच्या सरी आल्या की इरली, अवजारे, शेळ्या कुठे न्यायच्या? तेव्हा नव्या घराला टेकून त्यांनी पुन्हा कुडाची पडवी काढली. मैत्रीण म्हणते, "घर सरकारचं, राहतो आम्ही पडवीत." ग्रामीण योजनेत निदान स्वतःची जमीन असते, म्हणून पडवी तरी निघाली. तिसऱ्या मजल्यावर पडवी कोठून काढणार?

आता मुख्य आक्षेप. आमच्या वर्गात या विषयावर वाद झाला तेव्हा एक मित्र म्हणाला, शहरात जमीन सोन्याच्या भावाने विकली जाते, आणि तू गरिबांना अंगण मागतेस! मुंबईच्या मध्यभागी हा आक्षेप मी मान्य करीन. पण आपल्याकडे काय होते ते पाहा. जमीन महाग म्हणून इमारत उंच करायची, आणि ती उंच इमारत नेऊन ठेवायची कुठे, तर जिथे बसचा शेवटचा थांबा आहे तिथे. म्हणजे कामापासून लांब जाण्याचा तोटाही गरिबाचा आणि ओटा जाण्याचा तोटाही त्याचाच. दोन्ही एकदम कशासाठी? शहराच्या कडेला न्यायचेच असेल तर जमिनीलगतची, एक मजला चढवता येईल अशी दाट घरे द्यावीत. दाट वस्तीसाठी उंच इमारतच लागते असे नाही, हे अरण्यने दाखवले आहे. आणि शहराच्या आत राहू द्यायचे असेल तर इमारत खुशाल बांधावी. मात्र तिथे प्रत्येक मजल्यावर चार माणसे बसू शकतील एवढी रुंद, उजेडाची गॅलरी असावी. जुन्या चाळी गैरसोयीच्या होत्या, नळावर भांडणे होत, पण गॅलरीत माणूस माणसाला दिसे. खालचा मजला म्हाताऱ्यांना आणि हातगाडीवाल्यांना आधी द्यावा, सोडत नंतर काढावी. गाडीला साखळी घालायला भिंतीत एक कडी बसवावी. कडीला किती खर्च येतो?

नकाशा मंजूर होण्यापूर्वी तो वस्तीतल्या बायकांपुढे जमिनीवर खडूने खऱ्या मापात आखून दाखवावा, असे मला फार वाटते. कागदावरचा नकाशा माझ्या आईलाही कळत नाही. पण खडूच्या रेघेत उभी राहून ती दोन मिनिटांत सांगेल, इथे परात घेऊन बसले की दार उघडणार नाही.

आपल्या महाविद्यालयात समाजशास्त्र आहे, अर्थशास्त्र आहे, राष्ट्रीय सेवा योजनेचे पथक आहे. दरवर्षी आपण शिबिराला जातो, रस्ता झाडतो, झाडे लावतो. या वर्षी एखाद्या घरकुल वसाहतीत आणि सिडकोच्या एखाद्या गल्लीत जाऊन प्रत्येकी पन्नास घरे मोजली तर? आतली मापे महापालिकेकडे आहेतच. आपण उंबऱ्याबाहेरची घ्यायची: ओटा किती, गॅलरी किती, ऊन किती वाजता येते व किती वाजता जाते, गच्चीची किल्ली कोणाकडे आहे, म्हातारे माणूस शेवटचे खाली कधी उतरले. मापाची टेप माझ्या वडिलांची आहे, तीस मीटरची. प्राध्यापकांपैकी कोणी सोबत येणार असतील तर मावशीच्या इमारतीपासून सुरुवात करता येईल. रविवारी काका घरी असतात.